युरियाची गोणी आणि संसद : १९९१च्या धोरणबदलाचा एक हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. प्रश्न साधा होता : लोकांना जे आर्थिक धोरण नको असतं, ते लोकांनीच निवडून दिलेली माणसं कशी काय राबवतात? अशा चिठ्ठीला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून आजचं सगळं व्याख्यान तिच्यावरच खर्च करायचं ठरवलं.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं बाजारात मिळतात. एक म्हणजे, राज्यकर्ते लोकांना फसवतात. दुसरं म्हणजे, लोकांना अर्थशास्त्र कळत नाही आणि म्हणून राज्यकर्त्यांना त्यांच्याकडे काणाडोळा करावाच लागतो. पहिलं उत्तर सभेत टाळ्या घेतं, दुसरं चर्चासत्रात. आपण दोन्ही थोडी बाजूला ठेवू आणि एक प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण उघडून बघू. प्रकरण १९९१चं आहे. त्यातही आपण सगळ्या उदारीकरणाचा इतिहास सांगत बसणार नाही, तो बऱ्याच पुस्तकांत आहे. आपण हातात धरणार आहोत खताची एक गोणी. युरियाची, पन्नास किलोची.

पार्श्वभूमी झटपट सांगतो. १९९१च्या सुरुवातीला चंद्रशेखर यांचं सरकार होतं, काँग्रेसने पाठिंबा काढला, आणि त्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही. परकीय चलनाचा साठा इतका खाली गेला की दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरताच उरला. मे महिन्यात वीस टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळजवळ सत्तेचाळीस टन सोनं इंग्लंडला पाठवलं. मधल्या काळात राजीव गांधींची हत्या झाली, निवडणूक आटोपली, आणि २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाला लोकसभेत बहुमत नव्हतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. २४ जुलै १९९१ रोजी जो अर्थसंकल्प मांडला गेला, ज्याने देशाची चाळीस वर्षांची आर्थिक दिशा बदलली असं आपण म्हणतो, तो मांडणारे अर्थमंत्री मनमोहन सिंग त्या दिवशी संसदेच्या कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. ते आसाममधून राज्यसभेवर आले ऑक्टोबरमध्ये. आणि पंतप्रधान? तेही नव्हते. रावांनी त्या वर्षी निवडणूक लढवलीच नव्हती. ते नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले नोव्हेंबरमध्ये. यात बेकायदेशीर काही नाही. राज्यघटनेच्या ७५व्या कलमात सहा महिन्यांची मुभा आहेच. पण ज्या दिवशी दिशा बदलली त्या दिवशी दिशा बदलणाऱ्या दोघांपैकी एकालाही, 'साहेब, हे काय केलंत?' असं विचारायला येणारा मतदारसंघ नव्हता. आम्हाला यात कट दिसत नाही, योगायोगच दिसतो. पण हा योगायोग असा आहे की, त्याच्यामुळे गोष्ट जास्त स्पष्ट दिसते.

रावांना लोकमताची भीती नव्हती असं मात्र नाही. त्या पिढीच्या प्रत्येक काँग्रेसवाल्याच्या मनात ६ जून १९६६ ही तारीख कोरलेली होती. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं : डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते साडेसात रुपये झाले. स्वतःच्या पक्षातच आगडोंब उसळला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्यं गमावली. अवमूल्यन हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. दुष्काळ होता, महागाई होती. पण राजकारणी माणूस कारणांची अशी बारीक वाटणी करत नाही. त्याच्या लक्षात राहतं एवढंच की अवमूल्यन केलं आणि मार बसला.

म्हणून १९९१मध्ये ते दोन हप्त्यांत केलं गेलं, १ जुलैला थोडं आणि ३ जुलैला थोडं. पहिल्यानंतर राव डगमगले आणि दुसरं थांबवा म्हणाले. अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला, तर तिकडून उत्तर आलं की काम उरकलंय. ही हकिकत संबंधितांनीच नंतर सांगितली आहे. म्हणजे बघा, देशातल्या प्रत्येक माणसाच्या खिशातल्या रुपयाची बाहेरची किंमत दोन दिवसांत सुमारे अठरा-एकोणीस टक्क्यांनी कमी झाली आणि त्यावर संसदेत मतदानाचा प्रश्नच आला नाही. कायद्याने तो येतच नाही.

आता २४ जुलै. त्या एका दिवसात संसदेपुढे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आल्या.

एक होती नवं औद्योगिक धोरण. अर्थसंकल्पाच्या आधी काही तास ते लोकसभेच्या पटलावर ठेवलं गेलं. उद्योग खातं पंतप्रधानांकडेच होतं, पण निवेदन केलं राज्यमंत्री कुरियन यांनी. 'लायसन्स-परमिट राज' ज्याला म्हणतात त्याचं बहुतेक सगळं बांधकाम त्या निवेदनाने पाडलं. अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा परवाना रद्द. आपल्याला वाटेल की १९५१च्या कायद्याने उभी केलेली व्यवस्था काढायची तर कायदा बदलावा लागला असेल, विधेयक आलं असेल, कलमवार चर्चा झाली असेल. तसं काही झालं नाही. त्या कायद्यातच सरकारला सूट देण्याचा अधिकार होता. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, एक अधिसूचना निघाली आणि काम झालं. परवान्याचं राज्य अधिसूचनेने चालायचं आणि अधिसूचनेनेच गेलं. ज्यांना ते नको होतं त्यांनी याबद्दल फार तक्रार करू नये, कारण ते आलं तेव्हाही त्यांनी तक्रार केली नव्हती.

दुसरी गोष्ट होती खत. अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी चाळीस टक्क्यांनी वाढवल्या. युरियाचा दर टनाला २३५० रुपये होता, तो ३३०० झाला. गोणीच्या भाषेत बोलायचं तर साधारण एकशे सतरा-अठरा रुपयांची गोणी एकशे पासष्टला गेली. आणि जुलै महिना! पेरण्या झालेल्या, पाऊस पडलेला, वरखत द्यायची वेळ.

त्यानंतर जे झालं ते फार बोलकं आहे. परवाना पद्धत गेली, आयातीवरचा कमाल कर खाली आणून दीडशे टक्क्यांवर ठेवला गेला, परकीय भांडवलाला दारं उघडली. यातल्या कशासाठीही सत्ताधारी पक्षाचे खासदार जागचे हलले नाहीत. खतासाठी मात्र उठले. काँग्रेस संसदीय पक्षाच्या बैठकीत अर्थमंत्र्यांना स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांनी धारेवर धरलं. ग्रामीण भागातून आलेले खासदार सांगत होते की आम्ही गावात तोंड कसं दाखवू. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने माघार घेतली. वाढ चाळीस टक्क्यांची होती ती तीस टक्क्यांवर आली, आणि अल्पभूधारक व सीमांत शेतकऱ्यांना वाढीतून वगळण्याचं ठरलं. गोणी एकशे त्रेपन्न रुपयांवर आली. (वगळण्याचं ठरलं खरं, पण खताच्या दुकानदाराने गल्ल्यावर बसून समोरच्याची जमीन किती एकर आहे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न ज्याने कधी कृषी सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहून बघितलंय त्यालाच पडेल.)

हे सगळं पक्षाच्या बैठकीत झालं, सभागृहात झालं नाही. का? १९८५ साली घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा. पक्षादेश असेल तर खासदाराने त्याविरुद्ध मत द्यायचं नाही, दिलं तर सदस्यत्व जातं. घोडेबाजार थांबावा म्हणून हा कायदा आला, हेतू चांगला होता. पण त्याचा दुसरा अर्थ असा झाला की साताऱ्याच्या किंवा गुंटूरच्या खासदाराला खताच्या दरवाढीविरुद्ध भर सभागृहात मत देण्याची वाट बंद झाली. उरली फक्त बंद दारामागची बैठक. तिथे तो ओरडू शकतो. म्हणजे लोकमत संसदेत पोचलं, पण मागच्या दाराने. त्याची नोंद सभागृहाच्या कामकाजात सापडत नाही, ती वर्तमानपत्रांच्या दिल्लीच्या बातमीपत्रांत सापडते.

इथे थोडं तत्त्वज्ञानाच्या आवारात डोकावू या. आयुष्यभर तेच शिकवत आलो, तेव्हा एवढी सूट द्यावी. प्रतिनिधीने स्वतःची बुद्धी चालवायची की मतदारांचा निरोप पोचवायचा, हा प्रश्न निघाला की सगळे एडमंड बर्कचं नाव घेतात. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे तो म्हणाला की प्रतिनिधी तुम्हाला आपली विवेकबुद्धी देणं लागतो, नुसती आज्ञाधारकता नव्हे. हे भाषण प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्या पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ब्रिस्टल हे व्यापाऱ्यांचं बंदर. १७७८ साली आयर्लंडच्या व्यापारावरचे निर्बंध सैल करण्याचा प्रस्ताव आला, बर्कने त्याला पाठिंबा दिला, आणि ब्रिस्टलचे व्यापारी खवळले, कारण त्यात त्यांचं नुकसान होतं. १७८०च्या निवडणुकीत वारा पाहून बर्कला तिथून माघार घ्यावी लागली. रागाचं कारण ते एकच नव्हतं, पण मोठं होतं. म्हणजे प्रतिनिधित्वाच्या या थोर सिद्धान्ताची पहिली परीक्षा झाली ती आयात-निर्यातीच्या धोरणावर, आणि सिद्धान्तकार सीट गमावून बसला.

पण बर्क आणि ब्रिस्टलचे व्यापारी यांच्यात एक गोष्ट समान होती. वाद कशाबद्दल आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. व्यापाऱ्याला आयरिश माल आला तर आपल्या गल्ल्यात किती कमी पडेल ते नेमकं माहीत होतं. बर्कचा प्रश्न आपण १९९१ला लावतो तेव्हा हेच गृहीत धरतो, की लोकांचं एक मत होतं आणि प्रतिनिधींचं दुसरं. तसं होतं का?

हे तपासायला साधन आहे. १९९६च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी दिल्लीच्या सी.एस.डी.एस. या संस्थेने देशभर मतदारांची मोठी पाहणी केली. तिच्यात आर्थिक सुधारणांबद्दल काही ऐकलंय का, असा प्रश्न होता. सुधारणा सुरू होऊन पाच वर्षं होत आली होती. 'हो' म्हणणारे निघाले सुमारे १९ टक्के. खेड्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास, पदवीधरांत ६६, आणि गरिबांत ७. त्याच पाहणीत अयोध्येतल्या मशिदीच्या पाडावाबद्दल माहीत असणारे होते चारांपैकी जवळजवळ तीन मतदार, आणि जातीनिहाय आरक्षणावर बाजू घेणारे त्याहूनही जास्त. आशुतोष वार्ष्णेय यांनी या आकड्यांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भारतात जात आणि धर्म हे जनसामान्यांच्या राजकारणाचे विषय होते, आर्थिक सुधारणा हे मूठभरांच्या राजकारणाचा. जनता दुसरीकडे बघत होती, म्हणून सुधारणा पार पडल्या.

वार्ष्णेय यांचा लेख उत्तम आहे, पण इथे आम्हाला थोडं वेगळं म्हणायचं आहे. 'जनता दुसरीकडे बघत होती' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ज्या शेतकऱ्याने १९९६ साली 'आर्थिक सुधारणा' हा शब्द ऐकला नव्हता, त्याला विचारा की १९९१ साली युरियाच्या गोणीला काय पडायचं. तो पैशापर्यंत सांगेल. मत त्याला होतंच, आणि ते पक्कं होतं, पण त्याच्या हाताला जे लागत होतं त्याबद्दल. औद्योगिक परवाना त्याच्या हाताला कधी लागलाच नव्हता. आयात कराचा दर सुती लुगड्याच्या किंवा डिझेल पंपाच्या किमतीत कुठेतरी मुरलेला असतो, पण तो छापील दिसत नाही. गोणीवर किंमत छापलेली असते.

आणि खासदारालाही हेच लागू आहे, हे विसरू नका. खासदार फार सूक्ष्म यंत्र असतं. त्याच्या वाड्यावर रोज सकाळी पन्नास माणसं येतात. ती कशाबद्दल बोलतात तेवढंच त्याला ऐकू येतं. परवाना पद्धत जाणं चांगलं की वाईट, हे विचारायला १९९१च्या ऑगस्टमध्ये कुणी आलं नाही. खताबद्दल सगळे आले. कायद्याने पाहिलं तर खताची किंमतही सरकारच ठरवत होतं, तिथेही खासदारांचं मत घेणं बंधनकारक नव्हतं. तरी सरकारला मागे यावं लागलं. तेव्हा लोकप्रतिनिधी लोकमत ऐकतच नाहीत ही तक्रार १९९१च्या बाबतीत उभीच राहत नाही. त्यांनी अगदी इमानदारीने ऐकलं. जे ऐकू आलं तेवढंच.

या इमानदारीचं पुढे काय झालं? हा भाग चर्चेत फार कमी येतो आणि आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

खताच्या अनुदानाचा प्रश्न सुटला नव्हता, तो पुढे ढकलला गेला होता. मग एक संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. अध्यक्ष होते आपल्या साताऱ्याचे खासदार प्रतापराव भोसले. आता हे लोकप्रतिनिधीच होते, नोकरशहा नव्हेत, नाणेनिधीचे अधिकारी नव्हेत. ऑगस्ट १९९२मध्ये त्यांचा अहवाल आला आणि लगेच, २५ ऑगस्टला, निर्णय झाला. स्फुरद आणि पालाश ही खतं नियंत्रणमुक्त झाली, त्यांच्या किमती बाजारावर सोडल्या. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, आणि वर त्याची किंमत दहा टक्क्यांनी कमी केली गेली. टनाला ३०६० होती ती २७६०. गोणी एकशे अडतीस रुपये.

राजकारण म्हणून बघितलं तर हुशारीची तडजोड. युरिया हेच खत सगळ्यात जास्त खपतं, ज्याच्या किमतीवर लोकमत तयार होतं ते खत हेच. ते स्वस्त केलं. बाकीच्यांवरचं ओझं सरकारच्या डोक्यावरून उतरलं. सगळे खूश.

पण पिकाला युरिया एकटा पुरत नाही. नत्र, स्फुरद, पालाश ही तिन्ही लागतात, आणि आपल्याकडे त्यांचं सर्वसाधारण योग्य प्रमाण ४:२:१ असं मानलं जातं. पालाशची किंमत दुपटीहून वर गेली, डीएपी महागलं, युरिया स्वस्त झाला. शेतकऱ्याने काय करावं? त्याने तेच केलं जे कुणीही शहाणा माणूस करेल. १९९१–९२ साली देशात हे प्रमाण ५.९ : २.४ : १ होतं. १९९२–९३ साली ते ९.५ : ३.२ : १ झालं. एका वर्षात! युरियाने पीक हिरवंगार दिसतं, आठवड्यात काळोखी धरतं, शेजारी विचारतो काय टाकलं म्हणून. जमिनीतलं पालाश कमी झालेलं डोळ्यांना दिसत नाही. ते दिसायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि दिसतं तेव्हाही त्याच्यावर किंमत छापलेली नसते. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या जमिनी बिघडल्या त्याला पाण्याचा अतिरेक हे मोठं कारण आहे, पण खताच्या या तिरक्या हिशेबाचा वाटाही आहेच.

म्हणजे दरी आहे, पण आपण समजतो तिथे नाही. गोणीच्या बाबतीत प्रतिनिधी आणि लोकमत यांच्यात कागद सरकवण्याइतकीही फट नव्हती. आणि म्हणूनच नुकसान झालं.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही दुसऱ्या उत्तराकडे वळलात, लोकांना कळत नाही म्हणायला लागलात. अजिबात नाही. ते कसं चूक आहे ते महाराष्ट्रातच दिसतं. त्याच काळात डंकेल प्रस्तावाचा वाद पेटला होता. दिल्लीत, पुण्यात, मुंबईत बहुतेक विचारवंत सांगत होते की शेतकरी याने मरणार. कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघ ही संघटना डंकेलच्या कडव्या विरोधात होती. डिसेंबर १९९२मध्ये तिच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधल्या कारगिल कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. आणि इकडे शरद जोशींची शेतकरी संघटना डंकेलच्या बाजूने उभी होती. जोशींचा युक्तिवाद असा की भारतातल्या शेतकऱ्याला सरकार जितकं अनुदान देतं त्याहून कितीतरी जास्त त्याच्याकडून शेतमालाचे भाव पाडून काढून घेतं. हिशेब उणे आहे. तेव्हा तुमचं अनुदान नको, आमच्या वाटेतून बाजूला व्हा. त्यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका. आम्ही स्वतः सगळ्या बाबतीत सहमत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बाजार मोकळा मिळाला तरी पाऊस मोकळा मिळत नाही. पण चाकणच्या कांद्याच्या आंदोलनापासून जी माणसं त्यांच्यामागे रस्त्यावर बसली, ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारावर मत बनवू शकत होती, आणि बनवत होती. कारण कुणीतरी दहा-बारा वर्षं गावोगाव सभा घेऊन, कांद्याच्या भावाचा निर्यातबंदीशी काय संबंध आहे, हे फळ्यावर गणित मांडावं तसं सांगितलं होतं. दिसत नाही ते दाखवायला कुणीतरी लागतं. संसदेचं हे काम होतं. ते एका संघटनेने केलं.

संसद काय करत होती? जगाचा तो व्यापार करार भारताने एप्रिल १९९४मध्ये माराकेश इथे केला. आपल्या घटनेनुसार करार करणं हे कार्यपालिकेचं काम, त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. संसदेसमोर तो विषय खऱ्या अर्थाने आला तो नंतर, पेटंट कायदा बदलायची वेळ आली तेव्हा, आणि तेव्हा राज्यसभेने वर्षानुवर्षं तो अडवून धरला. करार आधीच झालेला. अडवून उपयोग एवढाच की अडवलं असं सांगता यावं.

आणि सरकारच्या सगळ्या कारभारावर सभागृहात सरळ मतही पडलं. २८ जुलै १९९३चा अविश्वास ठराव. बाबरी, शेअर घोटाळा, आर्थिक धोरण, सगळंच त्या चर्चेत होतं. ठराव २५१ विरुद्ध २६५ असा पडला. त्या मतदानात काही खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९९८ साली बहुमताच्या निकालाने असं ठरवलं की पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. तो निकाल फिरवायला २०२४ साल उजाडावं लागलं. एवढंच सांगतो आणि पुढे जातो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता शेवटचं उदाहरण, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात ते केव्हाचं आलं असेल. एन्रॉन. इथे तर लोकांना माहीत होतं ना? होतं. महाराष्ट्रात १९९५च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन हे नाव गावागावात पोचलं होतं. हा एवढा सुस्पष्ट आर्थिक मुद्दा आपल्या राज्याच्या निवडणुकीत क्वचितच आला असेल. १९९२च्या जूनमध्ये सामंजस्य करार, १९९३मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला दिलेला नकार, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज मंडळाशी खरेदी करार. शिवसेना-भाजप युती हा प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा करत होती. युती जिंकली. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने फेरविचार केला, आणि ३ ऑगस्ट १९९५ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत करार रद्द झाल्याचं सांगितलं. लोकमत, निवडणूक, विधानसभा, निर्णय. राज्यशास्त्राच्या पुस्तकात जसं काढून दाखवतात अगदी तसं.

पाच महिन्यांनी, जानेवारी १९९६मध्ये, वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला. तो आधी २०१५ मेगावॅटचा होता, आता २१८४ मेगावॅटचा झाला. दर कमी करून घेतले असं सांगितलं गेलं. मे १९९६मध्ये केंद्रात वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं, ज्याच्यावर लोकसभेने अजून विश्वास व्यक्त केला नव्हता आणि जे करणारही नव्हती. त्या सरकारने जाता जाता, राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, या प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली.

पुण्यातल्या 'प्रयास' या गटाने या कराराचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि ते सांगत होते की खरी मेख दर युनिटच्या आकड्यात नाही. वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार भरावाच लागेल, आणि तो डॉलरला बांधलेला आहे, या सूत्रात आहे. सभांमध्ये मात्र नाव गाजत होतं, सूत्र नाही. म्हणून नाव रद्द झालं आणि सूत्र परत आलं. कुणी म्हणेल युतीने विश्वासघात केला. केला असेल. पण लोकांच्या हातात जे होतं, म्हणजे ते नाव, ते त्यांना ऑगस्ट १९९५मध्ये बुडवून दाखवलं गेलं होतं, आणि पुन्हा जाब विचारायला चार वर्षं होती. दाभोळची वीज १९९९मध्ये सुरू झाली, आणि २००१च्या मेमध्ये मंडळाने ती घेणं बंद केलं, कारण परवडतच नव्हती.

परत गोणीकडे येऊ आणि थांबू. युरियावरचं नियंत्रण १९९२ला राहिलं ते राहिलंच. २०१०च्या एप्रिलपासून केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आणली, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या मात्रेनुसार अनुदान. कल्पना चांगली होती, हा तिरकेपणा सरळ करण्यासाठीच होती. तिच्यातून युरिया वगळला गेला. पुढे सरकारला युरियाचा वापर कमी करायचा होता, पण गोणीची किंमत वाढवायची हिंमत कुठल्याच सरकारला नव्हती. मग २०१८ साली गोणीच बदलली. पन्नास किलोची होती ती पंचेचाळीस किलोची केली. शेतकरी एकराला गोण्या मोजतो, किलो मोजत नाही, तेव्हा तेवढंच दहा टक्के कमी पडेल, असा हिशेब. त्या गोणीची आजही कडुनिंबाचा लेप आणि कर सोडून दोनशे बेचाळीस रुपये किंमत ठरलेली आहे.

प्रश्न असतील ते आता घेऊ.